मारणं थांबवायचं आहे, पण त्यासाठी जायचं कुठे?

परभणी जिल्ह्यातल्या एका भावाने विचारलंय. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन लेकरं आहेत, स्वतःचं कृषी सेवा केंद्र आहे. बायकोवर कितीतरी वेळा हात उचलला. दिवाळीत ती लेकरांना घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. ते लिहितात, "मला खरंच बदलायचंय. बायांसाठी केंद्रं आहेत, माझ्यासारख्यासाठी काही कोर्स आहे का? ऑनलाइनही चालेल. सर्टिफिकेट मिळालं तर सासऱ्यांना दाखवता येईल. आणि असं कुठं गेलो तर पोलीस केस तर होणार नाही ना?"

मी मराठवाड्यात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करतो आणि मारणाऱ्या नवऱ्यांबरोबर बसणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. मी मारणं कसं थांबवू, हा एक. बायको परत कशी येईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं तुमच्या हातात आहे. दुसऱ्याचं पूर्णपणे तिच्या हातात आहे आणि कोणताही समुपदेशक ते तुम्हाला मिळवून देऊ शकत नाही. हे आधीच सांगतो, कारण जो नवरा दुसरा प्रश्न घेऊन येतो, तो बायको नांदायला आली की यायचं बंद करतो. ती येणारच नाही असं कळलं तरी बंद करतो. सर्टिफिकेटचं मनातून काढून टाका. सासऱ्यांना दाखवायला कागद हवा असेल तर तुम्ही अजून दुसऱ्याच प्रश्नावर आहात.

आता सरळ उत्तर. मारणाऱ्या जोडीदारांसाठी आठवड्याला एक सत्र, बारा-पंधरा पुरुषांचा गट, वर्षभराचा ठरलेला अभ्यासक्रम, असं तालुक्याच्या गावी तयार मिळत नाही. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. बॉस्टनमध्ये 1977 साली 'इमर्ज' नावाचा गट सुरू झाला. 1980च्या दशकात मिनेसोटातल्या डुलुथ शहराने पोलीस, कोर्ट आणि पुरुषांचे गट यांना एकत्र बांधणारी पद्धत बसवली. कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्यात प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली, सुटणाऱ्याला 52 आठवड्यांचा कार्यक्रम कायद्यानेच सक्तीचा आहे. एवढं करूनही तिकडचे अभ्यास जे सांगतात ते फार गोड नाही. सरासरी फरक थोडाच पडतो आणि मध्येच सोडून जाणारे पुष्कळ. टिकून राहणाऱ्यांचे निकाल बरे दिसतात, पण टिकणारा माणूस मुळातच जास्त तयारीचा असतो, हेही त्यात आलं. म्हणून आपल्याकडे 'कोर्स' नाही याचं मला फार वाईट वाटत नाही. तुम्हाला हवा आहे योग्य माणूस, पुरेसा वेळ आणि तुमच्यावर कोणाची तरी नजर. या तीन गोष्टी मराठवाड्यात जुळवता येतात, पण त्या तुम्हालाच जुळवाव्या लागतील.

कुठे जायचं हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुम्ही पिता का? रोज पीत असाल तर दारूपासूनच सुरुवात करावी लागेल, आणि तीही डॉक्टरच्या देखरेखीत. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भास असं काहीही होऊ शकतं. आपल्याकडे पुष्कळ लोक पंढरीची माळ घालून दारू सोडतात. काहींची कायमची सुटते, मी पाहिलंय, आणि त्याचा मला आदरच आहे. पण दारू सुटली म्हणजे मारणं सुटलं असं धरू नका. पिऊन आलेला माणूस रस्त्यात सरपंचाला नीट नमस्कार घालतो, ज्याचे पैसे देणं आहे त्याच्याशी खालच्या आवाजात बोलतो आणि घरात शिरल्यावरच त्याचा तोल जातो. एवढा हिशेब त्याला प्यालेला असतानाही जमतो. दारूने ब्रेक सैल होतात हे खरं, पण गाडी कोणत्या दिशेला न्यायची ते आधीच ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट, संशय. बायको कोणाशी बोलते, फोन कोणाचा, दुकानातला पोरगा तिच्याकडे का बघतो, हे डोक्यात रात्रंदिवस फिरत असेल, त्यासाठी झोप उडत असेल, तिचे कपडे किंवा फोन तपासत असाल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. अनेक वर्षं पिणाऱ्यांत आणि काही मानसिक आजारांत असा पक्का संशय बसतो. त्याला औषधोपचार लागतो, नुसत्या बोलण्याने तो जात नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. तुम्ही कधी तिचा गळा दाबलाय का? कोयता, सुरी, रॉकेल हातात घेतलंय का? "तुला मारीन आणि मी पण मरीन" असं म्हणालाय का? यातलं एकही घडलं असेल तर ती आज माहेरी आहे हीच त्यातली चांगली बाब आहे. गळा दाबण्याचा प्रकार घडलेल्या घरात पुढे जीव जाण्याचा धोका खूप वाढतो. अशा वेळी तिला भेटायला जाऊ नका आणि पुढची सगळी पावलं मानसोपचारतज्ज्ञाला विचारून टाका. स्वतःच्या जिवाचं काही मनात येत असेल तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात.

आता ठिकाणं. तुमच्या जागी मी असतो तर आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढला असता. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, लातूरचं विलासराव देशमुख, यातलं जे एसटीने सोयीचं पडेल ते. जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. डॉक्टरांना "टेन्शन आहे" असं सांगू नका. आपल्याकडचे निम्मे पुरुष तेवढंच सांगतात आणि झोपेच्या गोळ्या घेऊन परत येतात. "मी बायकोला मारतो, मला ते थांबवायचंय, इथले मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर माझ्याबरोबर नियमित बसतील का" असं सांगा. दारू, संशय, नैराश्य याची तपासणी तिथेच होते. नियमित सत्रं मात्र प्रत्येक ठिकाणी मिळतीलच असं नाही. ते त्या वेळी तिथे कोण माणूस आहे यावर असतं.

दुसरं ठिकाण जिल्हा महिला व बाल विकास कार्यालय. तिथे संरक्षण अधिकारी असतात. त्यांचं काम बाईला मदत करण्याचं आहे, तुम्हाला नव्हे, हे ध्यानात ठेवून जा. पण जिल्ह्यात कोणत्या संस्थेचा कोणता समुपदेशक पुरुषांबरोबर नीट काम करतो हे त्यांना बहुधा माहीत असतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984मध्ये मुंबईत पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष सुरू केला, तो पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. तिथल्या कार्यकर्त्यांनाही अशी नावं ठाऊक असतात. मुंबईची 'मावा' ही संस्था 1993पासून पुरुषांमध्येच हिंसेविरोधात काम करते, त्यांच्याकडे फोनवर विचारणा करून ठेवा. राहिला ऑनलाइन खाजगी समुपदेशक. चालेल, पण माणूस पारखून घ्या.

पारखायचं कसं, यावर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण चुकीच्या समुपदेशकाने नुकसानच होतं. पहिल्याच दिवशी "दोघं मिळून या" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मारहाण चालू असताना किंवा नुकतीच थांबलेली असताना नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं की बाई खरं बोलत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. "टाळी एका हाताने वाजत नाही", "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच" असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. तुम्हाला तिथे फार बरं वाटेल, पण त्या बरं वाटण्याचा काही उपयोग नाही.

हे माझं खाजगी मत आहे असं समजू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005च्या कलम 14 खाली न्यायाधीश समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. ते कसं चालवायचं हे 2006च्या नियमांतल्या 14व्या नियमात दिलंय. त्यात स्पष्ट आहे की हिंसेचं कोणतंही समर्थन समुपदेशनात मांडू दिलं जाणार नाही आणि हे नवऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं. पुन्हा असं करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. तुम्ही स्वतःहून जात असाल तरी ह्याच कसोट्या लावा. फोनवर सरळ विचारा: तुम्ही आधी मारणाऱ्या पुरुषांबरोबर काम केलंय का? माझ्या बायकोची तयारी असेल तर तिच्या सुरक्षिततेसाठी तुम्ही किंवा तुमची सहकारी तिच्याशी वेगळं बोलाल का? मी पुन्हा हात उचलला तर तुम्ही काय कराल? शेवटच्या प्रश्नाला जो गुळमुळीत उत्तर देतो, तो तुमच्या कामाचा नाही.

तिच्याशी वेगळं बोलणं कशासाठी, तर तुमच्यात फरक पडला की नाही हे तुम्ही सांगून मला कळत नाही. माझ्यासमोर बसलेला प्रत्येक नवरा तीन आठवड्यांत सुधारलेला असतो. घरात काय चाललंय ते बायकोच सांगू शकते. मात्र ती जे सांगेल ते तुमच्यापर्यंत येणार नाही. आणि तिला बोलायचं नसेल तर विषय तिथेच संपला.

सत्रात काय होतं? सुरुवातीचे काही आठवडे मी एकाच प्रसंगावर घालवतो. शेवटची मारहाण. कधी, कुठे, कुठला हात, लेकरं कुठे होती, ती कुठे पडली, नंतर तुम्ही काय केलंत. पहिल्यांदा सांगताना माणूस स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि बाकी सगळं तिच्याबद्दल. "ती उलटं बोलली, मव्हं डोकं फिरलं." मी पुन्हा सांगायला लावतो, तिचं बोलणं वगळून. मग हळूहळू इतर गोष्टी बाहेर येतात. दार आतून लावलं होतं. मोठ्या पोराला आधीच किराणा आणायला पाठवलं होतं. मारलं ते पाठीवर, तोंडावर नाही, कारण दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं. डोकं फिरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीचं हळदीकुंकू आठवत नसतं. हे स्वतःच्या तोंडून निघालं की माणूस बराच वेळ गप्प बसतो. माझ्या अनुभवात खरं काम तिथून सुरू होतं. राग आवरण्याचे वर्ग, योगासनं, विपश्यना यांना माझी ना नाही, पण तुमचा प्रश्न रागाचा असता तर तुम्ही खताच्या कंपनीच्या प्रतिनिधीलाही मारलं असतं.

त्यानंतर मारहाणीच्या पलीकडचं बघावं लागतं. कायद्याने हिंसेत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार धरलेत. तिच्या हातात पैसे किती असतात? माहेरी जायला परवानगी लागते का? ती नको म्हणाली तर तुम्ही थांबता का? ह्या शेवटच्या प्रश्नावर पुरुष सगळ्यात जास्त चिडतात. हात थांबला आणि धाक तसाच राहिला तर तिच्या दृष्टीने फार काही बदललेलं नसतं. घरातली माणसंही आड येतात. आई म्हणते, बायकोला डोक्यावर बसवून घेऊ नको. पारावरचे मित्र हसतात. त्यांना काय उत्तर द्यायचं, तेही शिकावं लागतं.

आणि रोजच्या वापराचा एक उपाय. जबडा आवळणं, कान तापणं, मनात तिला नावं ठेवणं सुरू होणं, ही तुमची स्वतःची लक्षणं ओळखायची आणि आवाज चढायच्या आत तिथून तासभर निघून जायचं. त्या तासात दारू नाही, गाडी नाही, मित्राला फोन करून तिच्या तक्रारी सांगणं नाही. परत आल्यावर विषय पुन्हा काढायचा की नाही हे समोरच्याने ठरवायचं. ती सध्या घरी नाही, तर आईबरोबर आणि दुकानातल्या पोराबरोबर हे आजपासून सुरू करता येईल.

थोडक्यात, आधी दारू-संशय-धोका यांची तपासणी, मग पारखून घेतलेला समुपदेशक, आणि त्याच्याबरोबर निदान वर्षभर बसायची तयारी. तुमच्या धंद्यात जून-जुलैला श्वास घ्यायला वेळ नसतो. पेरणीच्या दिवसांत सत्रं बुडतात आणि बुडाली की सुटतात. त्या दोन महिन्यांचं आधीच ठरवा, रात्री दुकान बंद झाल्यावर फोनवर का होईना.

तुम्ही दुकानदार आहात म्हणून एवढं तरी जमेल. हे वाचणाऱ्यांत ऊसतोडीला जाणारेही असतील. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरतात, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे दोघांच्या नावावर फिटणार, आणि सहा महिने एकाच कोपीत, म्हणजे झोपडीत. बाईला निघून जायचं म्हटलं तरी मुकादमाचा हिशेब आडवा येतो. अशा जोडप्याला "दर बुधवारी या" सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. मी नवऱ्यांना गावी असतानाच्या महिन्यांत जास्त वेळा बोलावतो, आणि जायच्या आधी फडावरच्या एखाद्या मोठ्या बाईचं नाव पक्कं करून घेतो, जिच्याकडे बायको रात्री जाऊन झोपू शकेल. हे पुरेसं नाही, पण तेवढं होतं.

बायको माहेरी असताना काय करायचं नाही, ते स्पष्ट सांगतो. पाव्हण्यांना, सरपंचाला, तंटामुक्ती समितीला घेऊन बैठक बसवू नका. त्या बैठकीत बाईवर चार माणसांचं वजन पडतं आणि ती होकार देऊन मोकळी होते. वकिलाकडून नांदायला येण्याची नोटीस पाठवू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली तसा दावा करता येतो, पण एकीकडे बदलायचंय म्हणायचं आणि दुसरीकडे कोर्टाकडून तिला ओढून आणायचं, याचा अर्थ ती बरोबर लावेल. लेकरांच्या फोनवरून तिला निरोप पाठवू नका. व्हॉट्सॲपवर दुःखाचे स्टेटस ठेवू नका.

करण्यासारखं हे आहे. तिचं आधार कार्ड, पासबुक, शिक्षणाची कागदपत्रं, तिचे दागिने, लेकरांचे शाळेचे दाखले तुमच्या कपाटात असतील. तिचा विश्वास असलेल्या माणसाच्या हातून ते सगळं पाठवून द्या, आणि सोबत चिठ्ठी नको. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला लेकरांच्या खर्चाचे पैसे तिच्या खात्यावर टाका, ती फोन उचलो न उचलो. ज्या नवऱ्याला हे बिनशर्त जमतं, त्याच्याबद्दल मला आशा वाटते. "तिनं एकदा बोलावं तरी, मग देतो" म्हणणारा अजून सौदाच करतोय.

पोलीस केसची भीती. मदत मागायला समुपदेशकाकडे गेलात म्हणून तुमच्यावर आपोआप गुन्हा नोंदवला जात नाही. तुमचं बोलणं गुप्त ठेवलं जातं, पण कोणाच्या जिवाला धोका दिसला तर समुपदेशक गप्प बसणार नाही, आणि लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याने ती कळवणं त्याला भागच आहे. कोर्टाने पाठवलेलं समुपदेशन वेगळं, तिथला अहवाल कोर्टात जातो. आधीच केस चालू असेल तर वकिलाला विचारून या. बायकोने उद्या तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमाखाली, किंवा 2005च्या कायद्याखाली, तर तो तिचा हक्क आहे. संरक्षण आदेश निघाला आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. समुपदेशनाला जातोय म्हणून तक्रार मागे घे, असं तिला एकदाही म्हणू नका. तिला हवं असेल तर 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि जिल्ह्यात सखी केंद्र, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र, आहे. हे तिला तुम्ही कळवायची गरज नाही. तिच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहिलं.

लेकरांना भेटायचं असेल तर आधी तिला विचारा, जागा आणि वेळ तिला ठरवू द्या आणि भेटीत "आई कधी येणार म्हणते" हा प्रश्न लेकरांना विचारू नका. ती नाही म्हणाली तर पुढच्या महिन्यात एकदा पुन्हा विचारा, मध्ये नाही.

ओपीडी बहुतेक सकाळची असते. सोमवारी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी जा, जुनी औषधं चालू असतील तर ती बरोबर घ्या. दुकानावर कोणाला तरी बसवून जा, म्हणजे अकरा वाजले की उठून यायची घाई होणार नाही.